बंदुकीच्या कानातली बुगडी

मामा, हे तुम्हाला लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि शेवटी शेवटी तर डोळ्यांपुढं धरलेला कागदही दिसत नव्हता, तरी लिहितेय. समोर बसून बोलायचं होतं तेव्हा मी दाराआड उभी राहून नुसतं "व्हय" आणि "न्हाई" एवढंच बोलत राहिले. त्यातलं एक "व्हय" खोटं होतं. तेवढ्यासाठी आज कागद घेतलाय, आणि सकाळपासून तीनदा उठून अंगणात जाऊन आलेय. नातसून विचारते, काय शोधताय? काही नाही म्हणते, बसते, दोन ओळी लिहिते, परत उठते.

मी पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून, लग्न होऊन हिंगोलीजवळच्या गोरेगावला आले तेव्हा घरात सासू नव्हती. तुम्ही, तुमचा लेक आणि मी. पुढच्या पडवीत ऐरण आणि भाता, मागं स्वयंपाकघर, मधे एक दार. तुमच्या लेकाचा हात जड. फाळ, कुऱ्हाडी, गाडीच्या चाकांच्या धावा हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा. तुमचं काम वेगळं होतं. तुमच्या वडलांनी हिंगोलीच्या छावणीत बंदुका दुरुस्त केल्या होत्या, त्यांच्याकडून ते तुमच्या हातात आलं, आणि निजाम सरकारचा परवाना तुमच्या नावावर होता. रानडुकरं हाकायला ज्याच्या घरी आजा-पणज्याची ठासणीची बंदूक असेल तो माणूस बाजाराच्या दिवशी ती पोत्यात गुंडाळून तुमच्याकडंच यायचा. मी चौथी शिकलेली म्हणून तुम्ही मला मास्तरीण म्हणायचात, आणि माझ्या बोलण्याला हसायचात. "काऊन नको म्हणू पोरी, काहून म्हण. न्हाई तर लोक म्हणतील, हिचं अर्धं बिऱ्हाड अजून नदीपल्याडच हाय." मी पदरात तोंड लपवायची. मला ते आवडायचं. माझ्या माहेरी माझ्या बोलण्याकडं कुणाचं लक्षच नसायचं.

तुमच्या डोळ्यांत मोती उतरत होता, हे तुमच्या लेकाच्या आधी मला कळलं. ताटातलं मीठ तुम्ही बोटानं चाचपून शोधायला लागलात. चटणी कुठल्या बाजूला वाढली ते मी हळूच सांगायला लागले. आणि एके दिवशी दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, परसातल्या उजेडात, गुडघ्यावर काजळ फासलेली बंदुकीची नळी घेऊन बसला होता आणि मला हाक मारलीत. "पोरी, इकडं ये. जरा बघ बरं. हितं काळं दिसून राहिलंय का चकाकून राहिलंय?" मी भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं वाकून बघितलं. तिळाएवढा एक ठिपका चकाकत होता. तसं सांगितलं. तुम्ही कानस दोनदा फिरवलीत. "आता?" आता ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता. असे आपण संध्याकाळपर्यंत बसलो, तुमचे हात आणि माझे डोळे. भाकरी करायला उशीर झाला म्हणून तुमचा लेक कुरकुरला, तर तुम्ही त्याला म्हणालात, "आज तिनं माझं काम केलंय. तू भाकर थाप." त्यानं भाकर थापली नाही, पण पुन्हा कुरकुरलाही नाही.

हळूहळू कानस माझ्या हातात आली. कशी आली ते तुम्हालाही सांगता आलं नसतं. आधी मी नुसती बघायची, मग बोट ठेवून दाखवायची, मग एक दिवस तुम्ही म्हणालात, दाखवतीस काय, घासच. लोकांना मात्र ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. "बाईच्या हातची बंदूक कुणी खांद्याला लावणार न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि ते खरंच होतं. मग गिऱ्हाईक पुढं पडवीत, तुम्ही त्याच्याशी बोलत, आणि मी मागं चुलीजवळ नळी मांडीवर घेऊन. तुम्ही भिंतीला एक लहान शेगडा ठोकून दिला होता, नळी पकडून धरायला. कुणी आत डोकावलंच तर वरून लुगडं वाळत टाकायचं.

ती सगळी चकमकीची जुनी हत्यारं. घोडा पडला की त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या उडतात, बाहेरच्या पेल्यातली चिमूटभर दारू पेटते, आणि ती आग नळीच्या अंगातल्या बारीक भोकातून आत शिरते. आतली दारू मग बार उडवते. त्या भोकाला तुम्ही कान म्हणायचा. वर्षानुवर्षं आग जाऊन जाऊन कान झिजतो, मोठा होतो, मग अर्धी आग बाहेरच फुसफुसते आणि डुक्कर निघून गेल्यावर बार उडतो. त्यावर इलाज एकच. कान कोरून गोल करायचा, त्यात आटे पाडायचे आणि पोलादाचा एक लहानसा पेच पिळून बसवायचा, ज्याच्या पोटात सुईएवढं नवं भोक. छावणीतले गोरे त्याला काय म्हणायचे ते तुम्ही विसरला होता. मला समजावताना म्हणालात, "बाईचा कान फाटला की काय करतात? शिवतात, अन् मग बुगडी घालतात. ही बंदुकीची बुगडी." तेव्हापासून घरात तोच शब्द राहिला. कोरणं आणि आटे पाडणं तुम्ही करायचात. त्याला डोळे लागत नव्हते. सामता फिरवून भोक पाडताना तुम्ही मान वर करून आढ्याकडं बघायचात, जणू लोखंड तुमच्याशी बोलतंय आणि तुम्ही ऐकताय. पेच बसला की बाहेर उरलेलं डोकं कापायचं आणि घासून नळीशी एकजीव करायचं, हे माझं.

दिव्याचं काजळ लावायचं, एकदा कानस फिरवायची, बघायचं. चकाकी नुसती बुगडीवर आहे तोवर घासायचं. नळीवर पहिली चकाकी आली की हात थांबला पाहिजे. माझा एकदा नाही थांबला. नळीला खड्डा पडला, नखाएवढा. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात आणि तुमचा चेहरा उतरला. ओरडला नाहीत. कानस माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "काढलेलं लोखंड परत लावता येत न्हाई, पोरी. घाई कुणाची होती? नळीची तर नव्हती." पुढं आठ दिवस मला कानसेला हात लावू दिला नाहीत. नुसतं काजळ लावायचं, पुसायचं, परत लावायचं. नवव्या दिवशी तुम्ही दोऱ्यानं माझी मूठ मोजलीत, आणि संध्याकाळी एक बारीक कानस पुढं ठेवलीत. पातं तुमच्या वडलांचं होतं. मूठ नवी, बाभळीची, माझ्या हाताच्या मापाची. माझ्या मापाचं कुणी काही केलं ते आयुष्यात पहिल्यांदा. मी पाया पडले तर म्हणालात, "माझ्या न्हाई, कामाच्या पड."

आणि एक गोष्ट तुम्ही दर वेळी सांगायचात. बुगडी बाहेरून एकजीव झाली म्हणजे काम झालं असं नाही. आतून पण झाली पाहिजे. पेच लांबला आणि नळीच्या पोटात डोकावला, केसभर जरी, तरी त्याच्या आडोशाला जळकी घाण साचते. "घाणीत निखारा ऱ्हातो. दुसरा बार भरताना माणूस निखाऱ्यावर दारू ओतून राहिलेला असतो, अन् त्याला पत्ता नसतो." म्हणून नळीच्या बुडाचा मोठा पेच खोलायचा, नळी उन्हाकडं धरायची, आणि आत डोळ्यानं बघायचं. गजाला फडकं बांधून फिरवलं म्हणजे बघितलं असं नाही. डोळ्यानं. बुड खोलणं सोपं नसायचं. गंज चढलेला असायचा. आधी करडईचं तेल सोडायचं, मग तुमचा लेक लांब पान्यानं पिळायचा, मग बघणं माझं आणि विचारणं तुमचं. "बघितलंस?" "व्हय मामा." "बराबर?" "बराबर."

आता त्या दिवसाचं लिहायला बसले की हात थांबतो.

मोठी लढाई संपली त्याच्या पुढचं साल. भुईमूग काढणीला आला होता. डोंगराकडच्या एका वाडीतला माणूस चार दिवसांपूर्वी बंदूक टाकून गेला होता, तिशीतला, उंच, हसतमुख, बोलता बोलता टाळी मागणारा. तो सकाळीच येऊन पडवीत बसलाय. डुकरांनी दोन रातीत अर्धं रान उकरलं, आज बंदूक घेऊनच जाणार म्हणतोय. तुमचा लेक लोखंड आणायला हिंगोलीला गेलाय. पलीकडच्या गल्लीत कुणी तरी गेलं होतं, त्याच्या मातीला तुम्हाला जाणं भाग. जाताना दाराशी येऊन तुम्ही हळूच सांगता, "बाहेरून झालंय ना? बुड खोलून बघ, मग घोडा चढव. न्हाई खुललं तर मी आल्यावर बघू." तुम्ही म्हणाला होतात, मामा. मी आल्यावर बघू, असं तुम्ही म्हणाला होतात.

मी पाना लावला. हलत नव्हता. शेगड्याला दोन्ही पाय लावून ओढला, पाना सटकला आणि माझ्या बोटांची सालं गेली. बाहेरून त्या माणसाचा आवाज आला, "काय झालं बाई? काही पडलं का?" मी म्हणाले, "तवा पडला." त्याला आत बोलावून नळी धर म्हणाले असते, तर पेच सुटला असता. त्याच्यासारख्याला ते काही अवघड नव्हतं. पण मग हे काम कोण करतं ते त्याला दिसलं असतं, आणि पुढच्या बाजारी सगळ्या गावाला कळलं असतं. मी गजाला फडकं बांधलं आणि तोंडाकडून आत सारलं. तळाशी कुठंतरी किंचित अडल्यासारखं झालं. परत सारलं, तेव्हा नाही अडलं. तिसऱ्यांदा सारलंच नाही. मी स्वतःला सांगितलं, गंज असेल. घोडा चढवला, नळी तेलानं पुसली, बंदूक दाराच्या फटीतून पुढं सरकवून ठेवली.

तुम्ही परत आलात तेव्हा तो निघायच्या बेतात होता. तुम्ही बंदूक हातात घेतलीत, कानावरून अंगठा फिरवलात, चेहरा खुलला. मग आतल्या दाराकडं तोंड करून विचारलंत, "पोरी, बघितलंस का?" त्याला वाटलं असेल, चुलीवरचं काहीतरी विचारताहेत. मी माझी सोललेली बोटं पदरात धरून उभी होते. न्हाई म्हटलं असतं तर तुम्ही काहीतरी निमित्त काढून त्याला थांबवलं असतंत. एवढंच झालं असतं. पण तुमचा तो खुललेला चेहरा मी फटीतून बघितला होता. "व्हय मामा," मी म्हणाले. "बराबर?" "बराबर." तुम्ही त्याला नेहमीचं बजावलंत, बार उडाला की ओलं फडकं फिरवायचं, दारू शिंगातून थेट ओतायची न्हाई, आधी मापात घ्यायची. तो "व्हय व्हय" म्हणत टाळी देऊन गेला.

आठवडाभरात बातमी आली. पहिला बार बरोबर उडाला. दुसरा भरताना नळीच्या तोंडातून भडका आला आणि हातातलं दारूचं शिंग फुटलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तुम्ही गाडी जुंपायला सांगितलीत आणि तसेच निघालात. संध्याकाळी परत आलात ते पडवीत ऐरणीवर बसलात, ऐरणीवर कधी बसू नये म्हणणारे तुम्ही. दुसऱ्या दिवशी त्याचे दोघे भाऊ आले आणि त्यांच्यामागं पोलिसांचा अमीन. भावांनी रस्त्यातूनच आरडाओरडा सुरू केला होता. अमीन खाटेवर बसून शांतपणे विचारत होता, "कान किसने बिठाया? तुमने या तुम्हारे लडकेने?" मी दाराआड. मला वाटलं, आता बाहेर पडावं, डोक्यावरचा पदर नीट करावा आणि सांगावं. मी कडीला हातही लावला होता. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "मीच बसवला साहेब. डोळ्याला दिसत न्हाई, तरी काम घेतलं. जिम्मा माझा हाय. लेकाचा न्हाई, कुणाचा न्हाई." मी कडीवरचा हात काढला. तो इतक्या सहज काढला की त्याची आठवण अजून त्या हाताला आहे.

परवाना गेला. दुसरी कोणतीही शिक्षा झाली नाही, पण तुम्हाला तेवढं पुरे होतं. ज्यांनी तुमच्या हातून तीस वर्षं हत्यारं नीट करून नेली ती माणसं बाजारात तुम्हाला बघून "आंधळ्याच्या हाती बंदूक" म्हणून हसायची. तुम्ही त्यांच्याशी भांडला नाहीत. तुम्ही एक विळा करायला घेतलात. अंगठा आणि करंगळी एवढ्यावर धरता येईल, मनगटाला अडकवता येईल असा. मूठ वाकडी, तिला एक कडं. चार झाले, चारही तुम्हीच मोडून टाकलेत. पाचवा तुमच्या लेकाबरोबर वाडीला पाठवलात. तो घेतला त्यांनी. परत काही निरोप आला नाही.

आणि मग ते सुरू झालं, ज्याच्यामुळं मला अजून बसवत नाही. तुम्ही भंगारातली एक जुनी नळी काढलीत. तिला कान कोरायचा, आटे पाडायचे, पेच बसवायचा. मग मला हाक. "पोरी, बघ. आटा वाकडा गेला का?" मी बघायची. सरळ असायचा. "पेच लांबला का?" नाही. "मग दुसरा करू." नळीच्या अंगावर ओळीनं कान, बोटभर अंतरावर, बासरीसारखे. दर वेळी बरोबर. दर वेळी तुम्ही त्या कानावरून अंगठा फिरवायचात आणि म्हणायचात, "मग त्या दिवशीच माझा हात कुठं चुकला?" दीड वर्ष, मामा. दीड वर्ष मी तुमच्या शेजारी बसून तुमचं काम तपासत होते आणि म्हणत होते, "न्हाई मामा, बराबर हाय." एकदा तर तुमच्या लेकानं वैतागून ती नळी उचलून परसात फेकली. "बा, आता बास! जे झालं ते झालं." तुम्ही चाचपडत जाऊन ती परत आणलीत. म्हणालात, "तुला काय कळतंय. चूक सापडली की माणूस झोपतो."

कधी कधी वाटतं, तुम्ही मला विचारत नव्हता. तुम्ही दार उघडून धरत होता, की ये पोरी, आता तरी ये. एकदा तुम्ही प्रश्न जरा फिरवूनही विचारलात. "त्या दिवशी बुड लवकर सुटलं होतं का गं? तेल तर कमी होतं." माझ्या हातात सूप होतं. मी ज्वारी पाखडत राहिले. म्हणाले, "आता ध्यानात न्हाई मामा." तुम्ही "बरं" म्हणालात. ते "बरं" मी किती वेळा उलटून पालटून बघितलंय, त्याला मोजमाप नाही. त्यात काहीच नसेल. तुम्ही साधे होता, तुमच्या "बरं"चा अर्थ बरं एवढाच असायचा. की नव्हता?

रझाकारांची धामधूम चालू होती त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. दारं दुपारीच बंद व्हायची, पडवीत कुणी येत नव्हतं, भट्टी थंड. तुम्हाला ताप आला, चौथ्या दिवशी उतरला, आणि पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. आदल्या दिवशी पेज पाजताना तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही म्हणालात, "मीठ कमी हाय." मी मीठ घालून आणलं. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. हत्यारं जमा करा म्हणून दवंडी फिरायला लागली, आणि एके सकाळी वाडीचा तो माणूस आपल्या पडवीत उभा. पोत्यात नळी. लाकडी दस्ता आणि घोडा त्यानं आधीच जाळून-फोडून टाकले होते. तुमच्या लेकाला म्हणाला, "ही घरात ठेवायची भीती वाटून राहिली. तोडून पहारीला टोक कर, नाही तर काहीबी कर." तुमच्या लेकानं नळीचं बुड भट्टीत धरलं. लाल झालं तसा पाना लावला, आणि जो पेच माझ्यानं हलला नव्हता तो सुटला. नळी निवली तेव्हा मी पुढं पडवीत गेले. गिऱ्हाईक असताना मी पुढं येण्याची ती पहिलीच वेळ. "मला बघू द्या," म्हणाले.

आधी बाहेरून बघितलं. आगीनं रंग उडाला होता, तरी बुगडी कुठं संपते आणि नळी कुठं सुरू होते ते मला डोळ्यानं सापडेना, नखानं सापडेना. आणि मामा, खरं सांगते, त्या क्षणी मला आधी अभिमान वाटला. मग नळी उन्हाकडं धरली. आत, कानाच्या जागी, पोलादाची एक चंद्रकोर डोकावत होती. नखाच्या कडेएवढी. तिच्या पायाशी काळं कवच. गज अडला होता तो इथंच. म्हणजे पेच केसभर लांब कापला गेला होता, तेवढं तुमचं. आणि ते बघायचं होतं, तेवढं माझं. तुमच्या हातून असं आधीही व्हायचं. म्हणून तर बुड खोलायचं असतं. बघितलं असतं तर आतून दोन वेळा घासलं असतं आणि झालं असतं.

मी त्या माणसाला तिथंच सांगितलं. उभ्यानं, त्याच्या तोंडाकडं बघून. काम मी करायची हे सांगितलं, बुड खोललं नव्हतं हे सांगितलं, सासऱ्याशी खोटं बोलले हे सांगितलं. तो ऐरणीकडं बघत होता. मला वाटलं, आता शिवी देईल, आणि मला ती हवी होती. तो म्हणाला, "मी फडकं फिरवलं न्हवतं, बाई."

"काय?"

"डुक्कर समोर होतं. पिल्लं होती संग. पहिला बार हुकला. मी फडकंबी फिरवलं न्हाई, मापबी घेतलं न्हाई, शिंगातून सरळ ओतली. म्हाताऱ्यानं किती येळा सांगितलं होतं. मग भाऊ चिडलेले, अन् म्हातारा म्हणला, चूक माझी. मी गप बसलो." त्यानं डावा हात उजव्या हातावर ठेवला. "इळा अजून वापरतो मी. त्यानंच कापणी करून राहिलोय."

मला त्याचा इतका राग आला की मी तशीच आत निघून गेले. चुलीपुढं बसल्यावर कळलं की तो राग कुणाचा आहे. आम्ही दोघं, तो वाडीत आणि मी दाराआड, दीड वर्ष गप्प बसून राहिलो, आणि ज्याची चूक केसभर होती तो माणूस भंगाराच्या नळीला कानांवर कान पाडत राहिला.

तो गेल्यावर तुमचा लेक बराच वेळ भाता ओढत होता. भट्टीत लोखंड नव्हतं, नुसताच ओढत होता. मग आत आला आणि म्हणाला, "बाला सांगायला पाहिजे होतंस." मी चुलीत लाकूड सारलं. "तू सांगितलं असतंस तर बा अजून दोन-चार वर्षं राहिला असता." पुढं चाळीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पोरं वाढवली, हिंगोलीला दुकान टाकलं, ते वाक्य तो पुन्हा कधीच बोलला नाही. परत घेतलंही नाही. ते खरं होतं का? तापाला काय, कुणाचंही काही चालत नाही. पण मी रोज त्याच्या ताटात भाकरी वाढताना त्याच्या चेहऱ्याकडं बघायची, की आज हा काय म्हणतोय मनात.

हे पत्र मी कुणाच्या हाती देणार नाही. नातवाला वाचून दाखवलं तर तो म्हणेल, आजी, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय, चूक तिघांची होती. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला वाटून देता येतं. मला येत नाही. ती चूक मी इतकी वर्षं बघतेय, तिच्याशी माझं कसंबसं जमलंय. जमत नाही ते वेगळंच आहे, आणि ते मी तुमच्या लेकाला सांगितलं नाही, वाडीच्या माणसाला सांगितलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी खूप रडले. बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी, बापासाठी रडावं तशी रडली. दुपारी मातीहून माणसं परत आली, अंघोळी झाल्या, मी चुलीमागं जरा टेकले, आणि मला झोप लागली. इतकी गाढ की शेजारणीनं हलवून उठवलं. दीड वर्षात मी तशी झोपले नव्हते. उठले तेव्हा घर शांत होतं, आणि माझ्या मनात पहिलं जे आलं ते असं, की आता मला कुणी विचारणार नाही.

मला बरं वाटलं होतं, मामा.